यल्लव्वा की यल्लूबाई? राष्ट्रपती भवनाच्या नोंदणीआधीचे काम

गणेशोत्सवात आमची आत्या येळ्ळूरहून बेळगावला आमच्याकडे आठ दिवस राहायला आली होती. एका संध्याकाळी बातम्यांत राष्ट्रपती भवनातील एका परदेशी पाहुण्याचे स्वागत दाखवत होते: लाल गालिचा, घोडेस्वार, मागे तो प्रचंड घुमट आणि त्या सगळ्याच्या मधोमध द्रौपदी मुर्मू. आत्या पानाची चंची मांडीवर घेऊन बघत बसली होती. "एवढ्या मोठ्या घरात बाई राहत्यात. आत सोडतात काय गा बघायला?" असे तिने विचारले आणि मी फारसा विचार न करता सांगून टाकले, "सोडतात की, आधी नाव नोंदवावं लागतं." "मग मी येतो. तू माझं नाव घाल," एवढे बोलून ती सुपारी कातरायला लागली. (आमच्या भागातील बायका 'मी येतो' असेच म्हणतात, पुण्यामुंबईच्या वाचकांनी दचकू नये.)

त्या एका वाक्यातून पुढच्या चार दिवसांत अकरा जणांची दिल्लीची यादी तयार झाली. आत्या, मी आणि सौभाग्यवती, धाकटा भाऊ, वहिनी व त्यांची दोन मुले, गडहिंग्लजची ताई, भाऊजी व त्यांचा मुलगा, आणि शेजारचे काका, जे टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून कुठल्याही यादीत आपले नाव आहे ना हे आधी पाहतात. मी अठ्ठावीस वर्षे खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवले असल्यामुळे अर्ज भरण्याचे काम माझ्याकडे येणार हे कोणी बोलून दाखवण्याचीही गरज नव्हती.

दिल्लीत आम्ही काय खाल्ले, कुठे उतरलो आणि कोणाचे पाय किती सुजले हे सांगण्यासाठी हा लेख नाही. ज्या वास्तूत कडक सुरक्षा असते तिथे आगाऊ नोंदणी करणे म्हणजे नेमके काय, हे मला अकरा माणसांच्या कागदपत्रांतून जसे समजले तसे लिहून ठेवतो आहे. आमच्या सीमाभागातील माणसाला या कामात एक अडचण इतरांपेक्षा जास्त येते, आणि ती संगणकाची नाही.

आधी व्यवस्थेविषयी. राष्ट्रपती भवन पाहण्यासाठी नोंदणी राष्ट्रपती भवनाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर होते आणि त्या पत्त्याचा शेवट 'डॉट गव्ह डॉट इन' असा असतो. मुख्य वास्तू हा एक भाग, संग्रहालय हा दुसरा आणि उद्यान हा तिसरा, आणि प्रत्येकाची नोंदणी वेगळी करावी लागते. उद्यान, म्हणजे ज्याला आपण वर्षानुवर्षे मुघल गार्डन म्हणत आलो आणि ज्याचे नाव जानेवारी २०२३ मध्ये 'अमृत उद्यान' झाले ते, मुख्यतः फेब्रुवारी-मार्चच्या फुलांच्या हंगामात खुले होते आणि त्याला शुल्क नाही. मुख्य वास्तूसाठी आम्ही नोंदणी केली तेव्हा माणशी ५० रुपये होते आणि आठ वर्षांखालील मुलांना काहीच नव्हते. भावाचा धाकटा मुलगा सहा वर्षांचा, म्हणून दहा जणांचे मिळून ५०० रुपये झाले. सोमवारी आणि राजपत्रित सुट्ट्यांच्या दिवशी भवन बंद असते. सकाळी साडेनऊपासून एकेका तासाच्या वेळा ठरवून दिलेल्या असतात; आपण दिवस आणि तास निवडायचा, मोबाइलवर येणारा सांकेतिक अंक टाकायचा, प्रत्येक व्यक्तीचे नाव, वय आणि ओळखपत्राचा क्रमांक भरायचा, पैसे भरायचे आणि मिळालेली पावती छापून घ्यायची. सांगायला पाच ओळी पुरल्या. करायला मला नऊ दिवस लागले.

या नऊ दिवसांत पहिला दिवस अगदीच फुकट गेला, कारण मी शॉर्टकट शोधायला बाहेर पडलो. बाजारात फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानदाराने "दिल्लीचा पास आम्ही काढून देतो, माणशी तीनशे" असे अगदी सहज सांगितले. पास कसला असे विचारल्यावर त्याने जे संकेतस्थळ उघडले त्यावर घुमटाचे चित्र होते, तिरंगा होता, सगळे काही होते, फक्त पत्त्याच्या शेवटी 'गव्ह' नव्हते. पन्नास रुपयांच्या सरकारी नोंदणीला तीनशे मागणारा माणूस आणि अकरा माणसांचे आधार क्रमांक त्याच्या संगणकावर, या दोन गोष्टींपैकी मला दुसरीची भीती जास्त वाटली. मी परत आलो आणि घरच्या संगणकासमोर बसलो.

व्हॉट्सॲपवर सर्वांनी आपापल्या आधार कार्डाची छायाचित्रे पाठवली आणि खरी पंचाईत तिथे सुरू झाली.

आत्याचे नाव यल्लूबाई. माझ्या आजोबांनी ठेवलेले, पाळण्यात ठेवलेले, आणि गावात सगळे हाक मारतात तेही हेच. मतदार ओळखपत्रावर यल्लूबाई आहे. आधार कार्डावर मात्र ती यल्लव्वा आहे. कर्नाटकातील आधार कार्डावर नाव कन्नड आणि इंग्रजी या दोन लिप्यांत छापलेले असते. नोंदणीच्या वेळी टेबलापलीकडे बसलेल्या मुलाने तोंडी नाव विचारले, त्याच्या कानाला 'यल्लू' ऐकू आले, आणि त्याच्या घरी, त्याच्या गल्लीत, त्याच्या भाषेत त्या वयाच्या बाईचे नाव यल्लव्वाच असते. त्याने प्रामाणिकपणे तेच टंकले. संगणकाने त्याचे इंग्रजी केले. आत्याला ना कन्नड वाचता येते ना इंग्रजी. तिने अंगठा दिला, डोळे दाखवले आणि ती घरी आली. त्या गोष्टीला दहाएक वर्षे झाली असतील, आणि या दहा वर्षांत यल्लव्वा या नावाने तिला पेन्शन मिळते, रेशन मिळते, आणि बसमध्ये फुकट तिकीटही मिळते. जन्मतारीख १ जानेवारी आहे. तिच्या पिढीतील अर्ध्या गावाचा जन्म आधारच्या हिशेबाने १ जानेवारीलाच झालेला आहे.

वहिनीचे कार्ड हा त्याहून गुंतागुंतीचा ऐवज निघाला. ती चंदगडकडची. कार्ड लग्नाआधी महाराष्ट्रात निघाले, म्हणून त्यावर तिचे नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव असे तिन्ही शब्द आहेत. लग्नानंतर बारा वर्षे तिने ते बदलले नाही, कारण कोणाला गरज पडली नाही. मग ११ जून २०२३ रोजी कर्नाटकात 'शक्ती' योजना सुरू झाली, बायकांना सरकारी बसमधून मोफत प्रवास मिळू लागला, पण त्यासाठी ओळखपत्रावर कर्नाटकातील पत्ता हवा होता. तेव्हा आमच्या भागात आधार केंद्रांबाहेर ज्या रांगा लागल्या होत्या त्यांत वहिनीही उभी होती. तिने पत्ता बदलून घेतला, नाव तसेच ठेवले. त्यामुळे आज तिच्या कार्डावर नाव माहेरचे आणि पत्ता सासरचा असा संसार आहे. वाहक कार्डाचा कोपरा बघतो आणि शून्य रुपयांचे तिकीट फाडतो. त्याला आडनावाशी देणेघेणे नाही.

भावाच्या बाबतीत दोष माझाच होता, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. घरात, रेशन कार्डावर आणि आधारवर तो परशराम आहे. एसएसएलसीचा अर्ज भरताना, तेव्हा मी नुकताच शिक्षक झालो होतो आणि शुद्धलेखनाचा मला भारी सोस होता, मी त्याचे नाव 'परशुराम' असे सुधारून लिहिले. म्हणून त्याच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर, तिथून वाहन परवान्यावर आणि बँकेच्या पुस्तकावर तो परशुराम झाला. एका उकाराने गेली सव्वीस वर्षे तो दर अर्जाबरोबर 'ही दोन्ही माणसे मीच' असे लिहून देत आला आहे. यादी करताना तो शांतपणे म्हणाला, "आण्णा, ह्यावेळी कुठला मी, ते तूच ठरव."

शिक्षक म्हणून मी किती पोरांची नावे अशी बिघडवली असतील याचा विचार त्या रात्री मनात आला आणि झोप जरा उशिरा लागली. पहिलीत प्रवेश घेताना पालकाला तारीख आठवत नसली की आम्ही १ जून टाकत असू, आडनाव आधी लिहायचे की नंतर हे मुख्याध्यापकांच्या सवयीवर असे, आणि इंग्रजी स्पेलिंग तर सर्वस्वी आमच्या मर्जीवर. 'लक्ष्मी' या एका नावाची मी स्वतः तीन स्पेलिंगे लिहिलेली आहेत.

आता यावर उपाय काय? माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती म्हणजे कार्डे दुरुस्त करून घ्यावीत. ताईने मला थांबवले. आधारवरील नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येते, त्यासाठी पुराव्याचा कागद लागतो, आणि आत्याकडे यल्लूबाई या नावाचा पुरावा म्हणजे ते मतदार ओळखपत्र, ज्यावर तिचे वय भलतेच आहे. सहलीसाठी पेन्शनचा खेळ मोडून ठेवण्यात शहाणपण नव्हते. ताई म्हणाली, "दारावरच्या माणसाला आत्याचं खरं नाव काय, ह्याच्याशी काय करायचं आहे? पावती आणि कार्ड जुळलं की झालं."

हे इतके सोपे होते की मला ते आठवडाभर सुचले नव्हते. नोंदणीच्या चौकटीत 'नाव' असे लिहिलेले असते, म्हणून आपण आपले नाव लिहितो. तिथे खरे तर आपण दारात जे ओळखपत्र दाखवणार आहोत त्यावरची अक्षरे, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने उतरवायची असतात. सुरक्षारक्षकाला आपण कोण हे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्या हातात एक यादी असते आणि समोर एक कार्ड. मी प्रत्येकाला विचारले की दिल्लीला जाताना तू मूळ कागद म्हणून नेमके काय बरोबर घेणार आहेस, आणि एकाच कागदावर बोट ठेवायला लावले. आत्या यल्लव्वा झाली. वहिनी माहेरच्या आडनावाने गेली. भाऊ परशराम राहिला आणि वाहन परवाना घरी ठेवायचे त्याने कबूल केले. सौभाग्यवतींच्या कार्डावर पत्त्यात शहराचे जुने इंग्रजी नाव होते आणि माझ्यावर नवे. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातील बारा शहरांची नावे बदलली तेव्हा बेळगावचेही बदलले, आणि आम्ही घरात बोलताना मात्र काहीच बदलले नाही. त्याने काही अडणार नव्हते, तरी अर्जात ज्याच्या कार्डावर जे, तेच ठेवले.

मग एका रात्री जेवण झाल्यावर मी पडद्यावरील नावे एकेक अक्षर मोठ्याने वाचली आणि सौभाग्यवतींनी हातातील कार्डांवर पेन्सिल फिरवत 'हो' म्हटले. हजेरी घेतल्यासारखे वाटले. काकांच्या क्रमांकात मी शेवटचे दोन अंक उलटे टाकले होते, ते तेव्हा सापडले. पावती हातात आल्यावर मी माझ्या फोनमधली सगळी कार्डांची छायाचित्रे पुसून टाकली आणि गटातल्या प्रत्येकाला तसे करायला लावले. हे काम कोणी करत नाही, आणि करायला हवे.

दिवस ठरवणे हा दुसरा घोळ. आमच्या भागात एकाच कुटुंबातील मुले दोन राज्यांच्या शाळांत असतात. कर्नाटकातील शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला मिळते, महाराष्ट्रातील शाळांना दिवाळीला. बेळगावची पुतणी मोकळी असते तेव्हा गडहिंग्लजचा भाचा सहामाहीच्या परीक्षेला बसलेला असतो, आणि तो मोकळा होतो तेव्हा हिची शाळा सुरू झालेली असते. शेवटी भाऊबीज झाल्यानंतरचा आठवडा धरला, कारण आत्या आणि ताई दोघीही तेव्हा ओवाळायला बेळगावातच असणार होत्या. पुतणीची चार दिवस शाळा बुडाली. निवृत्त शिक्षक या नात्याने मी त्याकडे दुर्लक्ष केले.

रेल्वेचे गणित याच्याशी जुळवावे लागते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी मिळते, आणि एका तिकिटावर सहापेक्षा जास्त प्रवासी बसत नाहीत, म्हणजे अकरा जणांना दोन तिकिटे. बेळगावहून सरळ जाणारी गाडी गोवा एक्सप्रेस. संध्याकाळी बसले की मिरज, पुणे, मनमाड, भोपाळ, आग्रा असे करत तिसऱ्या दिवशी सकाळी हजरत निजामुद्दीनला उतरायचे. काकांचा आग्रह होता की ज्या दिवशी उतरू त्याच दिवशी भवन पाहून टाकावे, एक मुक्काम वाचेल. मी मानले नाही, आणि या एका गोष्टीबद्दल मी स्वतःवर खूश आहे. दीड दिवसाच्या प्रवासात गाडीला दोनचार तास उशीर होणे ही नित्याची बाब आहे, आणि ठरलेला तास टळला की तुमची नोंदणी म्हणजे नुसता कागद. म्हणून मंगळवारी निघायचे, गुरुवारी पोहोचायचे, शुक्रवारी मुख्य वास्तू आणि शनिवारी सकाळी बाहेरच्या प्रांगणात होणारा संरक्षक तुकडीच्या बदलाचा सोहळा असे ठरवले. हा सोहळा शनिवारी असतो आणि त्याचीही नोंदणी आधी करावी लागते. शुक्रवारचा साडेदहाचा तास घेतला, कारण आत्याला सकाळचा चहा, पान आणि देवपूजा झाल्याशिवाय कुठल्याच राष्ट्रपतीकडे जायचे नव्हते.

संसदही पाहू, अशी टूम भाऊजींनी मध्येच काढली होती. संसदेच्या प्रेक्षक सज्ज्याचा पास खासदारांच्या शिफारशीने मिळतो, आणि १३ डिसेंबर २०२३ रोजी दोन तरुणांनी त्या सज्ज्यातून लोकसभेत उड्या घेतल्यानंतर तिथले सगळे जास्तच कडक झाले आहे. अकरा माणसे घेऊन त्या वाटेला जाण्याची माझी तयारी नव्हती.

सुरक्षेची सवय आम्हाला नाही असे नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे, कॅम्पातून जाताना कुठे थांबायचे आणि कुठे मान वळवायची नाही हे लहानपणीच कळते. हलग्याजवळ महामार्गालगत सुवर्ण विधान सौध उभे आहे, ज्याचे उद्घाटन ११ ऑक्टोबर २०१२ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी केले. तिथे हिवाळी अधिवेशन भरले की शहराच्या नाक्यानाक्यावर पोलीस असतात, आणि त्या दिवसांत मराठी माणसाची चौकशी जरा अधिक आपुलकीने होते. तरीही आत बोलावलेला पाहुणा म्हणून झडती देणे हा वेगळा अनुभव आहे आणि त्याची तयारी मी सर्वांकडून करून घेतली होती. मोठ्या पिशव्या नकोत, खाण्याचे डबे नकोत, आत छायाचित्रे काढायची नाहीत. दिल्लीच्या एका परिचितांसाठी नेलेला दोन किलो कुंदा मुक्कामीच ठेवला. गाडीत बसण्याआधी मी आत्याची पिशवीही तिच्यासमोर तपासली होती.

शुक्रवारी सकाळी आम्ही तीन रिक्षांतून निघालो. पावतीवर कुठल्या दारातून यायचे त्याचा क्रमांक छापलेला असतो. ही वास्तू ३३० एकरांच्या आवारात आहे, त्यामुळे दार चुकले तर चालत जाऊन चूक सुधारता येत नाही. आमच्या एका रिक्षावाल्याने 'राष्ट्रपती भवन' एवढेच ऐकून भाऊजी, ताई आणि काकांना मदर तेरेसा क्रेसेंटवरच्या संग्रहालयाच्या दारासमोर नेऊन उतरवले. त्यांना पुन्हा वळसा घालून यावे लागले. आम्ही तासभर आधी निघालो होतो म्हणून निभावले. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की दाराचा क्रमांक प्रत्येक रिक्षातील एकेका माणसाच्या हातावर पेनने लिहावा.

दारावर एका तरुण शिपायाने पावती घेतली आणि कार्डे एकामागून एक मागितली. त्याने आत्याचे कार्ड हातात घेतले, पावतीवरच्या ओळीवर अंगठ्याचे नख ठेवले, एकदा कार्डाकडे, एकदा तिच्याकडे पाहिले आणि विचारले, "यल्लव्वा?" आत्याने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. "होय बा, मीच तो," ती म्हणाली. त्याला मराठी कळले नसावे, पण तो हसला आणि त्याने पुढचे कार्ड मागितले. वहिनीच्या माहेरच्या आडनावाकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. मूळ कार्ड, छापील पावती, नाव जुळले. अकरा जणांना पाच मिनिटेही लागली नाहीत. ज्या कामाला नऊ दिवस गेले त्याचे हे एवढेच दृश्य फळ.

अडले ते पुढच्या यंत्राशी. आत्याची पिशवी पट्ट्यावरून आत गेली, पट्टा थांबला, मागे आला, पुन्हा आत गेला. तिथल्या महिला शिपायाने पिशवी बाजूला घेतली आणि तिच्यातून चंची काढली. चंचीची नाडी सोडली. एका कप्प्यात पाने, दुसऱ्यात चुन्याची पितळी डबी, तिसऱ्यात कात, आणि चौथ्यात, नऊवारीच्या एका चिंधीत नीट गुंडाळलेला, अडकित्ता. बेळगावात मी तो काढून देवघराच्या फळीवर ठेवला होता. त्यानंतर तो चंचीत परत कसा गेला हे आत्यालाच ठाऊक. शिपाईबाईंनी तो उघडला, मिटला, पात्याची धार अंगठ्याने अजमावली आणि हे काय असे हिंदीत विचारले. मी सुपारीचा उच्चार केला. "सरौता," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर कुठल्या तरी आजीची आठवण येऊन गेल्यासारखे मला वाटले. पण आत सोडला नाही. सामान ठेवण्याच्या जागी तो जमा झाला, टोकन मिळाले, आणि पुढचा सगळा वेळ आत्याने ते टोकन मुठीत घट्ट धरून ठेवले.

आतले थोडक्यात सांगतो. एडविन लुटियन्स यांनी व्हाइसरॉयसाठी बांधलेल्या या घरात ३४० खोल्या आहेत आणि पाहुण्यांना दाखवतात त्या मोजक्याच. बरोबर एक मार्गदर्शक असतो आणि त्याला सोडून रेंगाळता येत नाही. ज्याला आम्ही दरबार हॉल म्हणून शाळेत शिकवले तो २५ जुलै २०२४ पासून 'गणतंत्र मंडप' आहे आणि अशोक हॉल 'अशोक मंडप' झाला आहे. मार्गदर्शक नवी नावे सांगत होता, काका हळूच जुनी पुरवत होते. गणतंत्र मंडपात घुमटाखाली दोन टनांचे झुंबर आहे आणि राष्ट्रपतींच्या आसनामागे गुप्तकालीन बुद्धमूर्ती उभी आहे. आत्याने पायातले काढायचे का असे विचारले, नको म्हटल्यावर उभ्यानेच हात जोडले, आणि टोकन खाली पडेल म्हणून पुन्हा मूठ मिटली.

बाहेर पडून विजय चौकापर्यंत उतरलो तेव्हा तिने मागे वळून पाहिले. रायसीना टेकडीच्या चढणीमुळे तिथून मुख्य वास्तू झाकली जाते आणि जवळजवळ घुमटच तेवढा उरतो. याच चढणीवरून लुटियन्स आणि शेजारच्या सचिवालयाच्या इमारती बांधणारे हर्बर्ट बेकर यांचे बिनसले होते, हे मी सांगायला सुरुवात केली, तर आत्या म्हणाली, "आमच्या येळ्ळूरगडाचं असंच की. पायथ्याला गेलं की गड दिसत नाही." लुटियन्स यांची तक्रार याहून वेगळी नव्हती.

परत आल्यापासून काका गल्लीत सर्वांना झुंबराचे वजन सांगत आहेत. त्यांच्या टपाल खात्यातल्या निवृत्त मित्रमंडळींना आता हैदराबादजवळ बोलारमला असलेले राष्ट्रपतींचे दक्षिणेतील निवासस्थान, राष्ट्रपती निलयम, पाहायचे आहे. मार्च २०२३ पासून ते जवळजवळ वर्षभर लोकांना खुले असते, दिल्लीपेक्षा आपल्याला पुष्कळ जवळ आहे आणि नोंदणीही त्याच संकेतस्थळावर होते. नऊ जणांची कार्डे काल संध्याकाळी माझ्या टेबलावर येऊन पडली. त्यांतील एकावर 'मल्लाप्पा' आहे, आणि ते गृहस्थ पोस्टात पस्तीस वर्षे 'मल्हारी' या नावाने सही करत आले आहेत. उद्या सकाळी दहाला त्यांना मूळ कार्ड घेऊन बोलावले आहे.